कर्नल अपडेट झाला की स्क्रीन काळी, दर वेळी तेच

परवा रात्री साडेदहाला मित्राचा फोन आला. जेवण करून रंकाळ्यावर चक्कर मारायला निघालेलो, एक चप्पल पायात, एक दारात. "भावा, लॅपटॉप गेला बघ." गेला म्हणजे काय झालं ते तरी सांग म्हटलं. "चालू हुतोय, लोगो येतोय आणि मग नुसतं काळं. वरच्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकत्या, बाकी काय न्हाई." काही अपडेट मारलंस का विचारलं तर म्हणाला छे, हातसुद्धा लावला नाही. मग दोन मिनिटांनी हळूच, "ते एक अपडेटचं आलेलं वर, त्याला नुसतं ओके केलं."

ते नुसतं ओके म्हणजे नवा कर्नल, लिनक्सचा गाभाच. रंकाळा राहिला, सव्वाबारापर्यंत फोनवर कमांडा सांगत बसलो. मित्राची ही पहिलीच वेळ, पण माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर हे चार वेगवेगळ्या कारणांनी झालंय, लक्षण मात्र दर वेळी तेच. पहिल्या दोन वेळेला मी काय केलं तर सगळं उबुंटूच, म्हणजे माझं लिनक्स, परत टाकलं, रात्रभर बसून. सुटलं, पण का सुटलं ते कळलं नाही, म्हणून परत आलं. तेव्हा आता एकदाच लिहून ठेवतो, पुढच्या फोनला हेच पाठवीन. कमांडा मी फोनवर बोलतो तशाच लिहिल्यात, तुम्ही टाइप करताना इंग्रजीत लहान अक्षरात करा, डॅश म्हणजे आडवी रेघ आणि डबल डॅश म्हणजे मधे स्पेस न सोडता दोन रेघा. फोनवर सगळ्यात जास्त वेळ या स्पेसपायीच जातो, मित्रानं 'सुडो' आणि 'एपीटी' जोडून लिहिलेलं आणि वर म्हणतोय कमांड सापडत नाही म्हणून.

आधी माझ्या मशीनचं सांगतो. मी कोल्हापुरात उद्यमनगरात फौंड्रीच्या पॅटर्नची ड्रॉइंग करतो, फ्रीकॅडवर, आणि गिऱ्हाइकाला चित्र दाखवायचं असलं की ब्लेंडर. लॅपटॉप जुना घेतलेला, आत इंटेलचं ग्राफिक्स आणि सोबत एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५०. सिस्टीम उबुंटू २२.०४. अशा लॅपटॉपात कार्डं दोन असतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. साधं काम इंटेल करतं, जड काम आलं की एनव्हिडिया जागं होतं, आणि बहुतेक मॉडेलमधे लॅपटॉपचा पडदा तारेनं जोडलेला असतो इंटेललाच, म्हणजे एनव्हिडियानं चित्र काढायचं आणि इंटेलच्या हातात द्यायचं. २०१० पासून ऑप्टिमस नावानं ही भानगड विंडोजवर आली, लिनक्सवर त्याचं प्राइम झालं. बॅटरी वाचते हे खरं, पण दोघांतल्या एकाचा ड्रायव्हर रुसला तरी घर अंधारात.

आता दर वेळी का रुसतो ते. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलच्या पोटातच असतात, कर्नल बदलला की तेही सोबत बदलतात, त्यामुळे त्या लोकांना हा रोग सहसा होत नाही. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बाहेरून येतो. त्याचं मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा तुकडा, ज्या कर्नलसाठी बांधलं त्याच कर्नलला बसतं. उद्यमनगरातल्या माणसाला सांगायचं तर बोल्ट बदलला, आटे बदलले, मग जुना नट कितीही चांगला असला तरी बसायचा नाही, नवा काढावा लागतो. हा नवा नट लेथवर काढून द्यायचं काम डीकेएमएस नावाचा प्रकार करतो, कर्नल आला रे आला की मागच्या मागे मॉड्यूल बांधून ठेवतो. आपल्याला कळतसुद्धा नाही. आणि कळत नाही म्हणूनच तो ज्या दिवशी बांधू शकत नाही त्या दिवशीही कळत नाही, कळतं ते रिबूट केल्यावर.

तर पहिलं काम म्हणजे आत शिरायचं. लॅपटॉप चालू करा आणि लोगो दिसला की एस्केप एकदाच दाबा. एकदाच. घाबरून टकाटक दाबत बसलात तर ग्रबचा, म्हणजे कुठला कर्नल चालू करायचा ते विचारणारा, मेनू यायच्या ऐवजी नुसतं 'ग्रब' लिहिलेली काळी ओळ येते आणि माणसाला वाटतं आता हेपण गेलं. तसं झालं तर तिथं 'नॉर्मल' टाइप करून एंटर मारा, मेनू येतो. मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू' मधे जा, तिथं दोन-तीन कर्नल दिसतील, वरचा नवा आणि खालचा जुना. जुना निवडा, रिकव्हरी नको, साधा.

जुन्या कर्नलवर डेस्कटॉप नीट आला तर अर्धी लढाई झाली समजा. कार्ड जळलेलं नाही, पडदा गेलेला नाही, दुकानात न्यायची गरज नाही, नव्या कर्नलची आणि ड्रायव्हरची जोड लागली नाही एवढंच. मित्राला हे सांगितल्यावर त्याचा आवाजच बदलला, तोवर तो मनातल्या मनात नव्या लॅपटॉपचे हप्ते मोजत होता.

जुना कर्नलही काळा पडत असेल तर नव्याच्या ओळीवर जाऊन 'ई' दाबा, 'लिनक्स' शब्दानं सुरू होणारी लांबलचक ओळ असते तिच्या शेवटी एक स्पेस सोडून 'नोमोडसेट' लिहा आणि एफ १०. पडदा जाडाभरडा दिसेल पण दिसेल. किंवा काळ्या स्क्रीनवरच कंट्रोल, आल्ट आणि एफ ३ दाबून बघा, काही लॅपटॉपवर सोबत एफएन पण दाबावं लागतं, नुसती अक्षरांची स्क्रीन येते आणि लॉगिन मागते. तिथंही सगळ्या कमांडा चालतात.

आत शिरलात की लगेच ड्रायव्हर काढून परत टाकायला जाऊ नका. मी हात जोडून सांगतो, कारण मी तेच करत होतो. पावसाळ्यात आपण काय करतो, सामान माळ्यावर चढवायच्या आधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो की नाही, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आकडा बघूनच गाडी काढायची का गाय सोडायची ते ठरतं. इथंही पातळी बघायला तीन-चार कमांडा आहेत, दोन मिनिटं लागतात.

'युनेम डॅश आर' मारा, आत्ता कुठला कर्नल चालू आहे ते कळतं. मग 'डीकेएमएस स्टेटस'. यात एनव्हिडियाच्या नावापुढं कर्नलचं नाव आणि शेवटी 'इन्स्टॉल्ड' असायला पाहिजे, आणि तेही नव्या कर्नलच्या नावापुढं. तिथं नव्या कर्नलची ओळच नसेल किंवा नुसतं 'ॲडेड' लिहिलेलं असेल तर नट बांधलाच गेला नाही. मग 'मोकयुटिल डबल डॅश एसबी डॅश स्टेट', सिक्युअर बूट चालू का बंद. आणि शेवटी 'जर्नलसीटीएल डॅश बी डॅश १ डॅश के', म्हणजे मागच्या, फसलेल्या बूटमधे कर्नल काय बोलला ते, त्यातलं एनव्हिडिया नाव असलेलं तेवढंच वाचा. 'बी' नंतर स्पेस आणि मग उणे एक, हे लक्षात ठेवा, नाहीतर चालू बूटचाच लॉग वाचत बसाल आणि म्हणाल सगळं ठीक दिसतंय.

'एनव्हिडिया डॅश एसएमआय' पण मारून बघा. ड्रायव्हरशी बोलता आलं नाही असं म्हणाला तर मॉड्यूल चढलेलं नाही. ड्रायव्हर आणि लायब्ररीचं व्हर्जन जुळत नाही असं म्हणाला तर काही बिघडलेलं नाही, मागच्या मागे ड्रायव्हर अपडेट झालाय आणि तुम्ही रिबूट केलेलं नाही. रिबूट करा, विषय संपला. यावर दोन तास घालवलेला माणूस मी ओळखतो, रोज आरशात दिसतो.

आता माझी चार कारणं.

पहिलं सिक्युअर बूटचं. ते चालू असलं की सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही. म्हणून ड्रायव्हर टाकताना उबुंटू एक पासवर्ड विचारतं, ८ ते १६ अक्षरांचा, आणि पुढच्या बूटला एक निळी स्क्रीन येते. त्या निळ्या स्क्रीनवर 'एनरोल एमओके' निवडून, मग कंटिन्यू, मग येस, मग तोच पासवर्ड द्यायचा असतो. मला काय माहीत. सकाळी घाईत होतो, निळी स्क्रीन बघून वाटलं व्हायरस आला, पहिलाच पर्याय 'कंटिन्यू बूट' होता तो दाबला आणि मोकळा झालो. ती स्क्रीन दहा सेकंद थांबते, काही दाबलं नाही तरी निघून जाते. झालं, सहीची 'की' नोंदवली गेली नाही आणि 'सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया' मारलं की 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. ही ओळ दिसली की बाकी काही शोधू नका. 'सुडो अपडेट डॅश सिक्युअरबूट डॅश पॉलिसी डबल डॅश एनरोल डॅश की' मारा, पासवर्ड परत द्या, रिबूट करा आणि या वेळी निळ्या स्क्रीनसमोर चहा न पिता बसा. पासवर्ड नुसत्या आकड्यांचा ठेवा, तिथं कीबोर्ड अमेरिकन पद्धतीचा असतो आणि टाइप केलेलं दिसतही नाही.

सिक्युअर बूट बंदच करून टाका असं सगळे सांगतात. चालतं, मी नाही म्हणत नाही. पण शेजारी विंडोज असेल आणि त्यावर बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं कुलूप, असेल तर बंद केल्या केल्या विंडोज रिकव्हरी की मागायला लागतं, ४८ आकडी, आणि ती कुठं लिहून ठेवलीय हे कुणालाच माहीत नसतं. आधी ती शोधा, मग बंद करा.

दुसरं कारण हेडर्सचं, आणि पुन्हापुन्हाच्या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा इथंच सापडतं. मॉड्यूल बांधायला त्या कर्नलची हेडर्स, म्हणजे त्याच्या मापाच्या फाइली, लागतात. ब्लेंडरच्या रेंडरनी डिस्क भरली म्हणून मी एकदा साफसफाई काढली, 'लिनक्स डॅश हेडर्स' नावाचं जे दिसेल ते उडवलं, म्हटलं मी कुठं कर्नल लिहिणार आहे, मला कशाला पाहिजे. त्यासोबत एक छोटं पॅकेजही गेलं, 'लिनक्स डॅश हेडर्स डॅश जेनेरिक डॅश एचडब्ल्यूई डॅश २२.०४'. दिसायला फालतू, आत काही नाही, पण नवा कर्नल आला की त्याची हेडर्स ओढून आणायचं काम त्याचंच. ते गेल्यावर पुढचा कर्नल आला, हेडर्स आली नाहीत, डीकेएमएस गप्प बसला.

नेटवर याचा उपाय म्हणून चालू कर्नलची हेडर्स टाका असं दिलेलं असतं, 'युनेम' वापरून. मी ते टाकलं, चाललं, खूश झालो. तीन आठवड्यांनी पुढचा कर्नल आला आणि परत काळं. कारण मी त्या एका कर्नलचीच हेडर्स टाकलेली, आणणारा माणूस परत कामावर घेतलाच नव्हता. तेव्हा टाकायचं ते हे कर्नलचा आकडा नसलेलं पॅकेज, 'सुडो एपीटी इन्स्टॉल' करून, म्हणजे पुढची हेडर्स आपोआप येत राहतील. तुमचा कर्नल एचडब्ल्यूईवाला, म्हणजे नव्या हार्डवेअरसाठी उबुंटू देतं तो, नसेल तर नावातलं एचडब्ल्यूई आणि आकडा काढून नुसतं 'लिनक्स डॅश हेडर्स डॅश जेनेरिक'. एवढं एक पॅकेज वेळेवर कळलं असतं तर माझ्या दोन रात्री वाचल्या असत्या.

तिसरं जरा अवघड होतं आणि त्यात माझी काही चूक नव्हती, हे सांगायला बरं वाटतं. २०२४ च्या सुरुवातीला २२.०४ ला ६.५ कर्नल आला. हेडर्स होती, सिक्युअर बूटची नोंद होती, तरी मॉड्यूल बांधेना. तेव्हा पहिल्यांदा मी 'व्हार, लिब, डीकेएमएस, एनव्हिडिया' या फोल्डरात जाऊन 'मेक डॉट लॉग' उघडला. हजारभर ओळी. बघून पोटात गोळा येतो, पण वरून वाचायचं नाही, 'एरर' शब्द शोधायचा आणि पहिला सापडेल तेवढाच वाचायचा, त्याच्या पुढचे सगळे त्याचीच पिलावळ असतात. तिथं लिहिलेलं की जीसीसीला, म्हणजे मॉड्यूल बांधणाऱ्या कंपायलरला, 'एफट्रिव्हियल ऑटो व्हार इनिट' हा ऑप्शन ओळखता येत नाही. मग डोकं चाललं. नवा कर्नल जीसीसी १२ नं बांधलेला, आणि २२.०४ मधे नेहमीचा जीसीसी ११, हा ऑप्शन ११ ला माहीतच नाही, १२ पासून आला. 'सुडो एपीटी इन्स्टॉल जीसीसी डॅश १२' मारलं, नंतर 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल', आणि दोन मिनिटं पंखा भणभणून 'इन्स्टॉल्ड' अशी ओळ आली. ती बघून जो आनंद झाला तो पगाराच्या दिवशीपण होत नाही. पुढं डीकेएमएसच्या अपडेटमधेच जीसीसी १२ सोबत यायला लागला, त्यामुळे आता हे कुणाला लागेलच असं नाही. पण 'मेक डॉट लॉग' मधला पहिला एरर वाचायची सवय लागली ती त्या दिवसापासून, आणि लिनक्सच्या कुठल्याही डिस्ट्रोवर, म्हणजे प्रकारावर, कुठल्याही व्हर्जनला ती उपयोगी पडते.

चौथं अगदी गावठी. अपडेट चालू असताना लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी बसलेली, चार्जर काढला की दहा सेकंदात बंद, म्हणजे तो लॅपटॉप नव्हे डेस्कटॉपच म्हणायचा. अर्धं पॅकेज बसलं, अर्धं हवेत. इथं 'सुडो डीपीकेजी डबल डॅश कॉन्फिगर डॅश ए' मारा, राहिलेलं काम ते पूर्ण करतं, त्यानंतर 'सुडो अपडेट डॅश इनिटरॅमएफएस डॅश यू' मारून रिबूट. पावसात ढग गडगडत असतील तेव्हा कर्नल अपडेट करू नये, हे मी आता देवाला नारळ फोडल्यासारखं पाळतो.

आता त्या 'नोमोडसेट' चं एक प्रकरण सांगतो, कारण यात मी सगळ्यात जास्त नुकसान करून घेतलं. कुठंतरी वाचून मी ते ग्रबच्या फाइलीत कायमचं लिहून टाकलं. काळी स्क्रीन गेली, म्हटलं मिटलं. मग दीड महिना फ्रीकॅडमधे साधं पंपाचं केसिंग फिरवायचं म्हटलं तरी बैलगाडीसारखं, ब्राइटनेसची बटणं चालेनात, दुसरा मॉनिटर लावला तर ओळखेना. मला वाटलं लॅपटॉप म्हातारा झाला. एक दिवस 'जीएलएक्सइन्फो डॅश बी' (यातला बी मात्र मोठा, कॅपिटल) मारलं तर रेंडररपुढं 'एलएलव्हीएमपाइप'. म्हणजे दोन्ही कार्डं बाजूला बसलेली आणि चित्र काढतोय बिचारा प्रोसेसर. नोमोडसेट ही कुबडी आहे, दवाखान्यापर्यंत जायला ठीक आहे. कायमचं लिहिलं असेल तर 'ईटीसी, डिफॉल्ट, ग्रब' ही फाइल उघडा, 'क्वाएट स्प्लॅश' च्या शेजारी बसलेलं असेल ते काढा, सेव्ह करून 'सुडो अपडेट डॅश ग्रब'. 'जीएलएक्सइन्फो' सापडत नसेल तर 'मेसा डॅश युटिल्स' पॅकेज टाका.

या सगळ्यातून सुटायला मी शेवटी काय केलं ते सांगतो, कारण गेले कित्येक कर्नल आले आणि गेले, माझ्याकडं काही झालेलं नाही. उबुंटू बांधून, सही करून तयार दिलेली एनव्हिडिया मॉड्यूलं देतं हे मला तोवर माहीतच नव्हतं. पॅकेजचं नाव भलंमोठं आहे, 'लिनक्स डॅश मॉड्यूल्स डॅश एनव्हिडिया डॅश ५३५ डॅश जेनेरिक डॅश एचडब्ल्यूई डॅश २२.०४', मधला ५३५ म्हणजे ड्रायव्हरची शाखा, तुमची जी असेल ती. हे टाकलं की नवा कर्नल आणि त्याचं मॉड्यूल जोडीनंच येतात. घरी लेथ लावायला नको, हेडर्स नको, जीसीसी नको, निळी स्क्रीनही नको, कारण सही उबुंटूचीच असते. मग 'एनव्हिडिया डॅश डीकेएमएस डॅश ५३५' काढून टाका, पण काढताना एपीटी अजून काय काय काढतोय ती यादी वाचा, त्यात 'एनव्हिडिया डॅश ड्रायव्हर' दिसला तर एन दाबा आणि आधी मॉड्यूलचं पॅकेज नीट बसलंय का बघा. नवीन टाकत असाल तर 'सुडो उबुंटू डॅश ड्रायव्हर्स इन्स्टॉल' हेच बरंचसं बरोबर करतं.

दुसरं, 'सुडो प्राइम डॅश सिलेक्ट ऑन डॅश डिमांड' ठेवा. मी आधी ते 'एनव्हिडिया' वर ठेवायचो, म्हटलं पैसे दिलेत तर वापरू की. पण तसं ठेवलं की सगळा डेस्कटॉप एनव्हिडियाच्या भरवशावर, ते आलं नाही की काळोख. ऑन डिमांडवर ड्रायव्हर फसला तरी इंटेलवर डेस्कटॉप येतो आणि तुम्ही शांतपणे, अक्षरं नीट दिसत असताना दुरुस्ती करू शकता. ब्लेंडरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून 'लाँच युजिंग डिस्क्रीट ग्राफिक्स कार्ड' निवडलं की तेवढंच त्या कार्डावर चालतं. बॅटरीपण टिकते, म्हणजे ज्यांची टिकायची राहिलीय त्यांची. नुसत्या 'इंटेल' वर मात्र टाकून विसरू नका. बऱ्याच लॅपटॉपात एचडीएमआयचं भोक एनव्हिडियाला जोडलेलं असतं. शिरोली एमआयडीसीत एकदा गिऱ्हाइकासमोर प्रोजेक्टर लावला, दहा मिनिटं केबल उलटीपालटी करत होतो, केबल बदलली, प्रोजेक्टर बदलला, तिथल्या वायरमनला बोलावलं, आणि मूळ हे. ड्रॉइंग शेवटी मोबाईलवर दाखवलं.

लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सनं २०१२ साली फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलेलं, त्याचा फोटो अशा प्रत्येक चर्चेत कुणीतरी टाकतोच. त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलंय. मे २०२२ मधे ५१५ ड्रायव्हरपासून त्यांनी कर्नलची मॉड्यूलं ओपन सोर्स केली, आणि म्हणूनच आता ड्रायव्हरच्या यादीत शेवटी 'ओपन' लिहिलेलं एक नाव दिसतं. नाव बघून मोहात पडू नका. ते ट्युरिंग पिढीच्या आणि त्यापुढच्या कार्डांनाच चालतं, म्हणजे जीटीएक्स १६ ची मालिका, आरटीएक्स २० आणि पुढचे. त्याआधीच्या कार्डावर टाकलंत तर कर्नल अपडेट न करताच काळी स्क्रीन फुकटात. आणि मॅक्सवेल, पास्कलवाल्यांना, म्हणजे जीटीएक्स ९०० च्या आणि १० च्या मालिकेतल्या (१०५०, १०६० वगैरे) लोकांना ५८० ही शेवटची शाखा, नवा आकडा दिसला म्हणून उडी मारायची नाही. त्याहून जुन्या केप्लरवाल्यांची गाडी ४७० लाच थांबली.

पडदा काळा नसून नुसता लुकलुकत असेल, खास करून माउस हलवला नाही की, तर तो एनव्हिडियाचा विषयच नाही, ते बहुतेक इंटेलचं पीएसआर असतं, वीज वाचवायला पडदा स्वतःच चित्र धरून ठेवतो त्याची गडबड. ग्रबच्या त्याच फाइलीत 'आय९१५ डॉट इनेबल अंडरस्कोर पीएसआर इक्वल टू ०' लिहून बघा.

हां, मित्राचं राहिलं. त्याचं कार्ड ९४०एमएक्स, मॅक्सवेलच. 'डीकेएमएस स्टेटस' मारायला सांगितलं, काहीच आलं नाही, पूर्ण कोरं. 'डीपीकेजी डॅश एल' मधे एनव्हिडिया शोधायला सांगितलं, तिथंही एक ओळ नाही. पण 'एनव्हिडिया डॅश एसएमआय' जुन्या कर्नलवर छान चालतंय. म्हटलं हे कसं शक्य आहे, घरात माणूस आहे पण रेशन कार्डावर नाव नाही. "अरे तू ड्रायव्हर टाकलास कुठनं?" तर म्हणतो, व्हिडिओ बघून, साइटवरनं एक फाइल उतरवलेली, 'डॉट रन' नावाची, ती चालवली. तिनं मधे डीकेएमएसमधे नोंदवू का असं विचारलेलं, "मला काय ते कळलं न्हाई, म्हणून नो दाबलं."

त्या फाइलीनं टाकलेला ड्रायव्हर एपीटीला माहीतच नसतो, त्यामुळे कर्नल आला की त्याच्यासाठी कुणीच काही करत नाही. वर तसाच उबुंटूचा ड्रायव्हर टाकायला गेलं तर दोघांच्या फाइली एकमेकांवर बसतात आणि गुंता वाढतो. आधी जुना काढायचा. 'सुडो एनव्हिडिया डॅश अनइन्स्टॉल', सगळ्याला येस. मग 'सुडो एपीटी अपडेट', मग 'सुडो उबुंटू डॅश ड्रायव्हर्स इन्स्टॉल'. त्याचं नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आणि मी त्याच मोबाईलवर बोलतोय, त्यामुळे मधेमधे आवाज जायचा आणि मी इकडं "हॅलो, हॅलो" करत बसलेलो, बायको म्हणते कुणाशी भांडताय एवढ्या रात्री.

सव्वाबाराला रिबूट केलं. बराच वेळ काही बोलेना. मग तिकडनं लॉगिनचा 'टंग' असा आवाज ऐकू आला आणि पाठोपाठ, "आलं की रं मर्दा." 'डीकेएमएस स्टेटस' मारून नव्या कर्नलपुढं 'इन्स्टॉल्ड' आहे का ते वाचून दाखव म्हटलं, तर म्हणाला उद्या बघतो, झोप आलीय. तोवर मी चप्पल घालून बसलेलो होतो, एकच.